वर्गणीतून बोर्ड : रास्पबेरी पायसाठी हॅट बनवताना

रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकाला ॲनालॉग इनपुट (कमी-जास्त होणारा व्होल्टेज मोजायची सोय) नाही, आणि पाय ५ येईपर्यंत त्याला स्वतःचं घड्याळही नव्हतं. आमच्या पुण्यातल्या हौशी मंडळींपैकी कुणाला मातीतली ओल मोजायची होती, कुणाला गच्चीवरच्या टाकीची पातळी. प्रत्येकाच्या ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडण्या करायच्या पट्टीवर) तारांचं तेच जंजाळ. शेवटी वर्गणी काढून सगळ्यांसाठी एकच हॅट, म्हणजे पायवर बसणारा जोडबोर्ड, करायचं ठरलं आणि डिझाइन माझ्याकडे आलं. असं काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

पैसे गोळा करण्याआधी एक पान लिहून काढा : बोर्ड काय करेल आणि काय करणार नाही. आमच्या पानावर डीएस३२३१ हे घड्याळ आणि एमसीपी३००८ हा आठ चॅनलांचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करून देणारी चिप), एवढंच होतं. वर्गणी दिलेला माणूस हक्काने म्हणतो, “एक रिलेपण टाक ना!” मागणी रास्तच असते. पण रिलेवर (विजेने चालणाऱ्या स्विचवर) घरातली २३० व्होल्टची वीज आली की ट्रॅकमधलं अंतर, बोर्डाचा आकार, खर्च, सगळंच बदलतं. ज्यांनी ते पान वाचून पैसे दिले, त्यांना न विचारता हा बदल करायचा अधिकार डिझाइन करणाऱ्याला नाही, असं माझं ठाम मत आहे. रिले पुढच्या आवृत्तीच्या यादीत गेला.

चिप निवडतानाही सोल्डरिंग कोण करणार हे आधी पाहा. एडीएस१११५ हा दुसरा एडीसी सोळा बिटांचा आहे, म्हणजे जास्त बारकाईने मोजतो, पण त्याच्या पिनांमध्ये अर्ध्या मिलिमीटरचं अंतर. एमसीपी३००८ दहाच बिटांचा, पण डीआयपी या ऐसपैस पिनांच्या स्वरूपात मिळतो आणि नवखा माणूसही तो सॉकेटमध्ये बसवू शकतो. मातीची ओल मोजायला दहा बिट पुष्कळ झाले.

एमसीपी३००८ला वीज मात्र ३.३ व्होल्टचीच द्या. ५ व्होल्ट दिले तर त्याच्या डेटा पिनवरही ५ व्होल्ट येतात, आणि पायच्या जीपीआयओ (बाहेरचे भाग जोडायच्या) पिना ते सोसत नाहीत. सेन्सर ५ व्होल्टचा असेल तर इनपुटला व्होल्टेज कमी करणारा दोन रेझिस्टरांचा विभाजक लावा.

आय-टू-सी पत्ते (दोन सामायिक तारांवर प्रत्येक चिपची वेगळी ओळख) तर स्किमॅटिक, म्हणजे सर्किटचा आराखडा, काढायच्या आधीच कागदावर मांडा. डीएस३२३१चा पत्ता हेक्स ६८, तो बदलता येत नाही. हालचाल मोजणाऱ्या एमपीयू६०५०चाही मूळ पत्ता तोच. त्याची एडी० ही पिन ३.३ व्होल्टला जोडली की तो ६९ होतो. आम्ही घड्याळाचा पत्ता बोर्डावरच छापला, म्हणजे पुढे सेन्सर जोडणाऱ्याला डेटाशीट धुंडाळत बसावं लागत नाही.

२०१४ मध्ये बी प्लस मॉडेलबरोबर हॅटचे नियम आले. चाळीस पिनांतल्या २७ आणि २८ या दोन बोर्डाची ओळख साठवणाऱ्या ईईप्रॉम या मेमरी चिपसाठी राखीव आहेत. पाय सुरू होताना त्यातून कोणता बोर्ड लागलाय ते वाचतो. त्या पिना दुसऱ्या कामाला लावू नका. स्क्रूची भोकं ५८ बाय ४९ मिलिमीटरवर येतात. कायकॅड या बोर्ड-डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार टेम्प्लेट आहे, तरी मूळ मापाची प्रिंट काढून खरे सुटे भाग तिच्यावर ठेवून बघा.

नुसता छापील बोर्ड स्वस्त पडतो. पैसे जातात ते कनेक्टर, परदेशी पार्सल आणि कस्टम्सवर. म्हणून वर्गणी दोन हप्त्यांत घ्या : पहिला फक्त नमुन्यांसाठी, दुसरा नमुना सगळ्यांनी हाताळल्यानंतर. हिशेबाची शीट पहिल्या दिवसापासून सगळ्यांना उघडी ठेवा. रेझिस्टर, हेडर, सॉकेट हे बुधवार पेठेतल्या दुकानांत मिळतं. चिपा मात्र अधिकृत वितरकाकडूनच घ्या, नकली डीएस३२३१ कोणता ते ओळखत बसण्यापेक्षा ते परवडतं.

डिझाइनच्या फाइली आम्ही सर्न-ओएचएल या खुल्या हार्डवेअरच्या परवान्याच्या एस प्रकाराखाली खुल्या केल्या. या परवान्यात सुधारित बोर्ड वाटणाऱ्याला आपली सुधारणाही खुली करावी लागते. ज्यांच्या पैशातून बोर्ड झाला, त्यांना पुढची आवृत्तीही तशीच खुली मिळायला हवी होती.