दसऱ्याच्या आत तुळशीची छाटणी उरकून घ्या

पाऊस परतीला लागलाय, हळवं भात कापायला आलंय, आणि आता कोकणात कुठल्याही घराच्या खळ्यात बघा, वृंदावनात तुळस उंचच उंच गेलेली, खाली नुसत्या काठ्या, वर चार पानं आणि प्रत्येक शेंड्याला वाळून तपकिरी झालेल्या मंजिऱ्या. सगळे म्हणतात पावसाने तुळस गेली. पावसाचा त्रास असतोच, पण अर्ध्याहून जास्त वेळा खरं कारण हेच की मंजिऱ्या वेळेवर काढल्या नाहीत आणि शेंडे कधी खुडलेच नाहीत.

तुळशीला मंजिरी आली की झाडाचा सगळा जोर बी भरण्याकडे जातो, नवीन पानं यायची कमी होतात, जुनी पिवळी पडून गळतात, आणि एकदा बी पक्कं झालं की झाडाच्या दृष्टीने त्याचं काम झालं, मग ते वाळायला लागतं. दुसरं म्हणजे शेंडा जोपर्यंत जागेवर आहे तोपर्यंत तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही, शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं ते खाली उतरतं आणि बाजूचे डोळे झोपवून ठेवतं. शेंडा खुडला की तो दाब गेला, आणि लगेच खालच्या पानांच्या बगलेतून दोन फुटवे निघतात. एकाचे दोन, दोनाचे चार, झुडूप डेरेदार होतं ते असं, खताने नाही.

आता वेळ का म्हणतोय तर दसऱ्यापासून तुळशीचं लग्न साधारण महिन्यावर असतं. छाटल्यावर आठ-पंधरा दिवसांत फुटवे दिसतात आणि तीन-चार आठवड्यांत झाड भरतं, म्हणजे मोठी छाटणी आत्ता केली तर लग्नाला तुळस हिरवीगार उभी राहील. दिवाळीत लक्षात आलं आणि तेव्हा कात्री चालवली तर लग्नात बोडकी तुळस दिसेल, तेव्हा मग फक्त वाळक्या मंजिऱ्या काढा, बाकी हात लावू नका.

छाटायचं कुठे हे नीट बघून घ्या, कारण चूक इथेच होते. फांदी हातात धरा, खाली बघत या, जिथे समोरासमोर दोन पानं आहेत ते पेर. त्या पानांच्या बगलेत बारीक हिरवा ठिपका किंवा दोन इवलीशी पानं आलेली दिसतात, तोच डोळा. त्याच्या जरासं वर, अर्धा सेंटिमीटर सोडून कापायचं. दोन पेरांच्या मधोमध कापलं तर वरचा तुकडा नुसता काळा पडून वाळतो आणि ओल धरून बुरशी खाली उतरते, कोकणच्या दमट हवेत तर हमखास. कोवळा शेंडा असेल तर नखाने खुडा, कात्रीची गरजच नाही, जाड फांदीला मात्र धारदार कात्री हवी आणि ती आधी स्पिरिटने पुसून घ्या, विशेषतः शेजारचं झाड रोगट असेल तर.

एका वेळी झाडाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नका. आणि जिथे हिरवं पान किंवा डोळा अजिबात नाही अशा जून लाकडावर घाव घालू नका, तुळस तिथून सहसा परत फुटत नाही. ज्यांची तुळस पार लाकूड झालीय त्यांनी वरचं हिरवं थोडं थोडं छाटत तिला सांभाळावं आणि बाजूला नवीन रोप तयार करायला घ्यावं. दिवस कोरडा निवडा, सकाळी दव उडाल्यावर, मळभ असेल किंवा पावसाची सर यायची चिन्हं असतील तर दोन दिवस थांबा.

तुळशीला कात्री लावायची म्हटलं की घरातल्या मोठ्या माणसांना नको वाटतं, आणि तो भाव मनापासूनचा असतो, त्यांना विचारूनच करा. रविवारी, एकादशीला, द्वादशीला आणि दिवेलागणीनंतर तुळस तोडत नाहीत, तर ते दिवस सोडून करा, एका दिवसाने झाडाचं काही बिघडत नाही. मंजिऱ्या विठोबाला वाहा, कोवळी पानं काढ्याला ठेवा, जास्त असतील तर सावलीत वाळवून डब्यात भरा. आज्जीला हे सांगितलंत की छाटलं तर तुळस जास्त दिवस टिकते, तर ती स्वतःच उभी राहून करून घेईल.

छाटून झालं की मुळाकडे बघा. चार महिन्यांच्या पावसात आपल्या जांभ्या मातीतलं सगळं सत्त्व धुऊन जातं आणि वरचा थर दगडासारखा बसतो, तेव्हा खुरप्याने वरची बोटभर माती हलकेच मोकळी करा आणि दोन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळा. ताजं शेण नको. कुंडी नव्याने भरत असाल तर दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू, पण वाळू नदीची, पुळणीवरची अजिबात नको, त्यातलं मीठ मुळं जाळतं. समुद्राला लागून घर असेल तर खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात, अधूनमधून गोड्या पाण्याने पानं धुऊन काढा.

वृंदावनाच्या तळाला पाणी जायला भोक आहे का ते पण तपासा, बरीच जुनी चिऱ्याची वृंदावनं सिमेंट करून घेताना ते बुजवलं गेलेलं असतं आणि मग रोज सकाळचा तांब्या आत साचून मुळं कुजतात. पूजेचं पाणी घालाच, पण माती ओली असेल त्या दिवशी पळीभर पुरे. दूध, तेल मुळाशी ओतू नका. पणती खोडाला चिकटून ठेवू नका, वीतभर लांब ठेवा, खोडाची एक बाजू भाजून गेलेल्या तुळशी दरवर्षी दिसतात. लग्नाआधी वृंदावन रंगवताना चुना मातीत सांडू देऊ नका, खाली गोणपाट अंथरा.

नवीन फुटीवर कीड लवकर येते म्हणून पान उलटून बघत जा. पानं वर वळलेली, आणि खालच्या बाजूला काळे बारीक ठिपके आणि जाळीदार पंखांचे दोन-तीन मिलिमीटरचे किडे दिसले तर तो तुळशीवरचा रस शोषणारा ढेकूण. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. थोडं असेल तर तेवढा शेंडा कापून लांब टाका, पसरलं असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब लिक्विड साबण घालून संध्याकाळी पानाच्या खालून फवारा, आठवड्याने परत एकदा. फवारल्यावर काही दिवस ती पानं खाऊ नका आणि नंतर धुऊनच घ्या. बाजारातलं तीव्र कीटकनाशक घरच्या तुळशीवर नकोच.

सब्जा किंवा पिझ्झा-पास्त्यात टाकतात तो बेसिल लावला असेल, हल्ली होमस्टेवाले बरेच लावतात, तर तो तुळशीचाच भाऊबंद आहे आणि त्याला खुडणी अजून जास्त लागते. रोप वीतभर झालं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की पहिला शेंडा खुडा आणि मग दर दोन आठवड्यांनी. बेसिलला कळी दिसली की त्याच दिवशी काढा, फुलल्यावर पानाचा वास आणि चव उतरते. सब्जाचं बी हवं असेल तर एखाद-दुसरं झाड तसंच सोडा.

छाटलेल्या फांद्या फेकू नका. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तुळशीची छाटकलमं लावायला चांगला काळ आहे. दहा-पंधरा सेंटिमीटरचा न फुललेला तुकडा घ्या, वरच्या दोन-तीन जोड्या ठेवून खालची पानं काढा आणि ओलसर वाळू-मातीत सावलीत खोचा, चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. पक्क्या मंजिऱ्यांतलं बी पण चोळून ठेवा, ते इतकं बारीक असतं की खोल पडलं तर उगवत नाही, म्हणून मातीवर नुसतं भुरभुरवा, वर चिमूटभर चाळलेलं शेणखत आणि पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं.