रंगाचा डबा शेवटी उघडा: जुन्या मोटरबोटीची शनिवार-रविवारची दुरुस्ती

स्वस्तात मिळालेली जुनी मोटरबोट दारात आली की बहुतेकांची पहिली खरेदी रंगाची असते. माझं कळकळीचं सांगणं आहे, तो डबा सगळ्यात शेवटी उघडा. बोट वाचते किंवा वाया जाते ती आतल्या लाकडावरून. म्हणून आधी लाकूड, मग इंजिन, मग वायरिंग आणि मग रंग. हा क्रम उलटा केला की ताज्या रंगावर ग्राइंडर चालवायची वेळ येते.

फायबरची बोट म्हणजे नुसतं फायबर नव्हे. मागच्या ज्या उभ्या भिंतीवर इंजिन टांगलेलं असतं, त्या ट्रान्समच्या पोटात जाड प्लायवूड असतं. तळाला लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या पट्ट्या, म्हणजे स्ट्रिंगर, तेही बहुतेक जुन्या बोटींत लाकडाचेच आणि वरून फायबर चढवलेले. कधीकाळी कुणीतरी शिडी किंवा मासे शोधायच्या यंत्राचा सेन्सर बसवायला ट्रान्सममध्ये चार स्क्रू पिळले, भोकात सीलंट भरलं नाही, आणि तिथून पाणी झिरपत राहिलं. बाहेरचा गेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत थर, चकचकीत दिसतो, आत लाकडाचा भुगा झालेला असतो.

त्यामुळे बोट घेण्याआधीच ट्रान्सम ठोकून पाहा. प्लॅस्टिकच्या डोक्याची हातोडी किंवा स्क्रू ड्रायव्हरची मूठ घ्या आणि चार-चार बोटांच्या अंतरानं ठोकत जा. शाबूत लाकडावर ‘टक्क’ असा कडक आवाज येतो, कुजलेल्यावर ‘भद्द’. एकदा फरक कानात बसला की चुकत नाही. पाणी काढून टाकायच्या ड्रेन प्लगच्या भोवती आणि इंजिनच्या बोल्टांखाली जास्त ठोका, कूज बहुधा तिथूनच सुरू होते. मग आउटबोर्ड, म्हणजे ट्रान्समला टांगलेलं इंजिन, अर्धवट वर उचलून त्याचा पाय (पाण्यात जाणारा खालचा भाग) हातानं वर-खाली दाबा आणि दुसऱ्याला ट्रान्समकडे बघायला सांगा. भिंत हलली किंवा कोपऱ्यात केसासारखी चीर उघडताना दिसली, तर ट्रान्सम नवा करावा लागणार हे धरून चाला. मालकाची परवानगी असेल तर आतल्या बाजूनं, अगदी खालच्या अंगाला, बारीक भोक पाडून भुसा बघा. पांढरट आणि कोरडा असेल तर ठीक. काळपट, ओला, आंबूस वासाचा असेल तर निकाल लागला. ते भोक नंतर इपॉक्सीनं (दोन भाग कालवल्यावर कडक होणारं रेझिन) बुजवायला विसरू नका.

दुसरी गोष्ट फोमची. तरंगण्यासाठी फरशीखाली भरलेला फोम वर्षानुवर्षं ओला राहिला की पाणी धरून बसतो. बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेता आली तर न्या आणि कंपनीनं दिलेल्या वजनाशी ताडून पाहा. बोट बरीच जड भरली तर ते पाणी आहे, आणि ते फरशी उचलल्याशिवाय निघत नाही.

ॲल्युमिनियमची बोट असेल तर काम सोपं. ट्रेलरला आणि तळाला भक्कम आधार देऊन आत थोडं पाणी भरा आणि खाली वाकून कोणत्या रिव्हेटमधून थेंब येतो ते खडूनं टिपा. एकच पथ्य: तांबं असलेला शेवाळविरोधी रंग ॲल्युमिनियमला कधीही लावू नका. पाण्यात दोन धातूंची जोडी जमते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

सुट्टीच्या दोन दिवसांत हे काम बसतं ते इपॉक्सीमुळे. शनिवारी दिवसभर कापणं, घासणं, जुळवणी. संध्याकाळी इपॉक्सी लावायची, रात्रभर ती धरते, रविवारी घासायची. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असतं, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला इपॉक्सीइतकं धरत नाही. ट्रान्समसारख्या ठिकाणी मी तिथे पैसे वाचवत नाही. मात्र इपॉक्सीवर गेलकोट नीट बसत नाही, तेव्हा वरून रंगच द्यायचा हे आधीच ठरवून टाका. आणि फायबरची साधी मॅट इपॉक्सीबरोबर घेऊ नका. तिचे धागे बांधणारा चिकटा बहुधा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननं विरघळतो, इपॉक्सीत नाही. मॅट ताठच राहते. विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या.

ट्रान्सम बदलताना सगळ्यात आधी फूटपट्टी घ्या, करवत नंतर. आउटबोर्डच्या शाफ्टच्या ठरलेल्या लांब्या असतात: साधारण १५ इंच, २० इंच, २५ इंच. ट्रान्समची उंची त्यांच्याशी जुळावी लागते. जुन्या ट्रान्समची उंची, जाडी आणि झुकाव लिहून ठेवा, कारण कुजलेलं लाकूड बाहेर आलं की मोजायला काही उरत नाही. मग आतला फायबरचा थर कडेनं दोन-तीन इंच पट्टी सोडून कापा आणि बाहेरचा थर तसाच ठेवा. तोच तुमचा साचा. ओलं लाकूड छिन्नीनं काढायला वेळ लागतो. कोपऱ्यातलं, जे सगळ्यात चिवट असतं, तेच सगळ्यात महत्त्वाचं. आत एक काळा डागही ठेवू नका. नंतर काही दिवस उघडं, हवेशीर सुकू द्या, म्हणजे इपॉक्सीचं काम पुढच्या शनिवार-रविवारी.

पुठ्ठ्याचा नमुना कापा, तो फिरवून-फिरवून बसवा, आणि मगच मरीन प्लाय कापा. जुनी जाडी जमवण्यासाठी दोन थर एकमेकांना चिकटवावे लागतात. प्लायच्या कडा पातळ इपॉक्सीनं पुन:पुन्हा भिजवा, पिणं थांबेपर्यंत. पाणी शिरतं ते कडेतूनच. जुन्या फायबरवर आधी ॲसिटोननं मेण आणि तेल पुसा, मग घासा. उलट केलंत तर घासताना मेण आत चोळलं जातं. इपॉक्सीत सिलिका पावडर घालून शेंगदाण्याच्या लोण्यासारखी घट्ट करा, दातेरी पट्टीनं बाहेरच्या थराच्या आतल्या बाजूला पसरा आणि प्लाय दाबून क्लॅम्प लावा. चहूबाजूंनी थोडं मिश्रण बाहेर यायला हवं. आलं नाही तर आत पोकळी राहिली आहे. क्लॅम्प फार आवळू नका, नाहीतर सगळा चिकटा पिळून निघेल. कोपऱ्यात त्याच मिश्रणाची गोलाई भरा, कारण कापड काटकोनात वळत नाही, उचललं जातं. त्यावर कापडाचे तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद.

मिश्रण करताना प्रमाण डब्यावर असेल तेच. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर इपॉक्सी कधीच पूर्ण कडक होत नाही. उभ्या भांड्यात जास्त माल ठेवला तर तो स्वतःच्या उष्णतेनं धुरू लागतो, म्हणून थोडं कालवा आणि लगेच उथळ ट्रेमध्ये ओता. रविवारी सकाळी पृष्ठभागावर मेणचट थर आलेला असू शकतो. तो साध्या पाण्यानं आणि घासणीनं धुवा, पुसा, मगच ८० नंबरचा पॉलिश पेपर लावा. हे सगळं वाफेचे फिल्टर असलेला मास्क, चष्मा आणि हातमोजे घालूनच. कापडी रुमालानं रेझिनची वाफ अडत नाही. फायबरची धूळ अंगाला लागली तर गार पाण्यानं धुवा.

फरशीचंही तंत्र तेच. पाय ठेवला की दबणारी जागा कापा, स्ट्रिंगरपर्यंत जा, कोरड्या लाकडापर्यंत मागे कापत राहा. स्क्रूचं प्रत्येक नवं भोक आधी मोठं पाडा, इपॉक्सीनं भरा, आणि सुकल्यावर त्याच इपॉक्सीत योग्य मापाचं भोक पाडा. स्क्रूला लाकूड कधी भेटलंच नाही तर लाकडाला पाणीही भेटत नाही.

आता इंजिन. माझं पोटापाण्याचं काम लेथवरचं, त्यामुळे इथे माझा जीव जास्त रमतो. जुन्या दोन-स्ट्रोक आउटबोर्डबद्दल पहिला प्रश्न कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो त्याचा. सगळे प्लग काढा, ठिणगी बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, गेज लावून दोरी ओढा. आकडा किती, यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती ते बघा. साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा. एक सिलिंडर खूपच खाली असेल तर त्या इंजिनवर आणखी खर्च करण्याआधी थांबा.

मग गिअर ऑइल. खालचा स्क्रू सोडा. दुधाळ तेल आलं तर पाणी शिरलंय. प्रोपेलर काढा आणि शाफ्टवर मागे गुंडाळलेली नायलॉनची मासेमारी दोरी शोधा. ती सील कापते, आणि बाहेरून मुळीच दिसत नाही. नवं तेल नेहमी खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बुडबुड्याशिवाय बाहेर येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा, म्हणजे तेल निघून जात नाही.

पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर कसाही दिसला तरी बदला. खालचं युनिट उतरवलं की तो समोर येतो. वर्षानुवर्षं एका जागी राहिलेल्या इम्पेलरच्या पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच ताठ झालेल्या असतात. पाकळ्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर तिचा तुकडा पाण्याच्या नळीत कुठेतरी अडकलेला असणार. तो सापडेपर्यंत खालचं युनिट परत जोडू नका, नाहीतर नवा पंपही पाणी वर चढवणार नाही. नवा इम्पेलर बसवताना शाफ्ट त्याच्या फिरण्याच्या दिशेनं, बहुतेक इंजिनांत वरून पाहता घड्याळाच्या दिशेनं, हळूहळू फिरवत घरात ढकला. पाकळ्या योग्य बाजूला वळतात.

कार्ब्युरेटर उघडून जेट साफ करा, जुन्या पेट्रोलचा चिकट थर त्यात बसलेला असतो. इंधनाच्या नळ्या आणि हातानं दाबायचा फुगा नवाच घ्या. पेट्रोल-तेलाचं प्रमाण इंजिनच्या पुस्तिकेतून घ्या. पुष्कळ इंजिनांना ५०:१ चालतं, पण जुन्या मॉडेलांना जास्त तेल लागतं. इंजिन सुरू करताना पाणी आधी. पाण्याच्या पिंपात इंजिनचा पाय बुडवा किंवा पाणी ओढायच्या भोकांवर नळीला जोडलेल्या रबरी वाट्या लावा. कोरडं चालवलं तर नवा इम्पेलर काही क्षणांत जळतो. मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार आली, की पंप चालतोय.

बोटीत इंजिन आत बसवलेलं असेल तर गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाला साठते, आणि गाडीच्या भागांची ठिणगी बंदिस्त नसते.

वायरिंग जुनी असेल तर सरळ काढून टाका. कथिल चढवलेली तांब्याची तार, दाबून बसवलेली टर्मिनल, वर चिकट आतील थर असलेली आकुंचन नळी. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. तळातलं पाणी उपसणारा पंप थेट बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजसह घ्या, म्हणजे मुख्य स्विच बंद असतानाही तो चालतो.

आता रंगाचा डबा उघडा. दोन भागांचा पॉलियुरेथेन टिकतो चांगला, पण त्यात फुफ्फुसांना घातक असं आयसोसायनेट असतं. घरी स्प्रे करू नका. एकानं रोलर फिरवायचा, दुसऱ्यानं मागोमाग मऊ ब्रशच्या टोकानं हलकेच ओढायचं. माझा भाचा ब्रश धरतो, त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. दव पडायच्या आत थर सुकेल अशा वेळी सुरुवात करा.

पाण्यात उतरवण्याआधी ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग ग्रीस करा, आणि इंजिनचा धातू वाचवायला त्याच्याऐवजी स्वतः झिजणाऱ्या धातूच्या तुकड्यांकडे (ॲनोड) बघा: खाऱ्या पाण्यात झिंक, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम, ॲल्युमिनियमचे दोन्हीकडे बऱ्यापैकी चालतात. ड्रेन प्लग हातानं तपासा. जॅकेट, वल्ही, नांगर, अग्निशामक आणि मनगटाला अडकवायची, पडलात तर इंजिन बंद करणारी किल स्विचची दोरी सोबत घ्या. पहिल्यांदा बोट ट्रेलरवरून एकदम मोकळी सोडू नका. दोर बांधून तशीच पाण्यात तरंगू द्या, तळाशी पाणी येतंय का बघा, इंजिन बांधलेल्या अवस्थेत गरम होऊ द्या. मग किनाऱ्याजवळच फिरा. पहिल्या काही तासांनंतर इंजिनचे बोल्ट पुन्हा आवळा आणि गिअर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा सैल करून थेंब बघा. दुधाळ असेल तर प्रोपेलर शाफ्टचं सील बदलून मगच पुढे जा.