पाचव्या महिन्यात बोहल्यावर: लग्नाचा ब्लाउज शिवताना या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात सेलूकडची एक मुलगी आईला घेऊन दुकानात आली. नोंदणी पद्धतीनं लग्न दिवाळीतच झालेलं. आजोबा गेले म्हणून मांडवातलं लग्न लांबत लांबत वैशाखावर गेलं, आणि तोवर तिला पाचवा महिना लागला. ब्लाउज मीच फेब्रुवारीत शिवून दिला होता. "काकू, हूकच बसंना गेलंय," ती म्हणाली. आई हळूच माझ्या कानाशी लागली, "थोडं आवळूनच शिवा बाई, पोट दिसू नये."

परभणीत मी 22 वर्षं ब्लाउज शिवतेय, तरी त्या पैठणीच्या ब्लाउजच्या शिवणीत मी अर्ध्या इंचाचीच माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, ठेवली होती. फेब्रुवारीत तिनं काही सांगितलं नव्हतं, आणि लग्नाला तीन महिने आहेत हे माहीत असूनही मी काही विचारलं नव्हतं. तेव्हापासून लग्नाचा कुठलाही ब्लाउज मी जास्तीच्या मायेशिवाय कापत नाही.

आजच्या मापाला शिवणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. दिवस गेलेत म्हटलं की सगळ्यांची नजर पोटावर जाते, पण पोट दिसायच्या आधीच, पहिल्या दोन-तीन महिन्यांत छाती भरू लागते. पुढे बरगड्यांचा पिंजराही रुंदावतो, त्यामुळे छातीखालची पट्टी आधी काचते. पाचव्या महिन्याच्या सुमारास गर्भाशय बेंबीपर्यंत येतं. म्हणजे माप दर पंधरवड्याला बदलतं असं धरूनच कापड कापायचं.

हिशेब सोपा आहे. ब्लाउजच्या दोन बाजू, पुढचा आणि मागचा भाग धरून चार थर होतात. प्रत्येक थरात एक इंच जादा माया ठेवली, तर पुढे घेर 4 इंचांपर्यंत वाढवता येतो. उंचीतही इंचभर कापड खाली दुमडून ठेवायला सांगा, कारण छाती भरली की पुढची बाजू वर उचलली जाते. बगलेखालची शिवण आधी कच्च्या टाक्यांनी घाला आणि पक्की टीप लग्नाच्या आठ दिवस आधी, शेवटचं माप घेऊन मारा. रेशमावर सुईची भोकं राहतात, शिवाय इस्त्रीनं जुनी शिवण उठून दिसते. पक्का शिवलेला ब्लाउज उसवून वाढवला की बगलेखाली ती रेघ दिसतेच.

ब्लाउज आधीच शिवून झाला असेल आणि आत माया नसेल, तर बगलेखाली कळी, म्हणजे घेर वाढवणारं जोडकापड, घालावी लागते. इथं पुष्कळ शिंपी फक्त बाजू उघडून पट्टी जोडतात. तसं केलं की कमरेला मोकळं होतं, पण मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, तेवढाच राहतो आणि हार घालायला हात वर गेला की बाही ओढली जाते. कळी खालपासून मुंढ्यातून पुढे बाहीत न्यायची. कापड त्याच साडीचं हवं, म्हणून कात्रण टाकून देऊ नका, शिंप्याकडून मागून घ्या. कात्रण नसेल तर साडीचं आत खोचायचं टोक चार-पाच इंच कापता येतं. पण आधी साडी नेसून पाहा, वाढलेल्या पोटाभोवती तिची लांबी पुरतेय का ते बघा, आणि साडी आईची असेल तर तिला विचारल्याशिवाय कात्री लावू नका. सेलूच्या मुलीच्या घरी कात्रणाची पिशवी जपून ठेवलेली होती, म्हणून आमचं निभावलं.

पोट लपवायला आवळणं

त्या आईची काळजी मला कळत होती. मांडवात चार बायका कुजबुजणार, हे आपल्याकडे कुणाला चुकलंय? तरी मी आवळून शिवायला नाही म्हटलं. पोटावर घट्ट शेपवेअर किंवा करकचून बांधलेली नाडी असली की जळजळ वाढते, श्वास कोंडतो, आणि वैशाखात इकडे पारा 42 च्या पुढे असतो. परकराला नाडीऐवजी दोन इंची इलॅस्टिकचा रुंद नेफा करा आणि तो पोटाच्या खाली बसवा. निऱ्या चार-पाचच घ्या. सगळ्या मधोमध न खोचता थोड्या बाजूला खोचल्या की पुढे गठ्ठा होत नाही. कमरपट्टा पोटाच्या वर, सैल. पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतला की झाकायचं तेवढं आपोआप झाकलं जातं, आणि अंगावर हलका हिमरू शेला असला तर आणखी छान दिसतं.

नऊवारीत बाथरूमचा विचार न करणं

नऊवारीची हौस असेल तर जरूर नेसा. पण गरोदरपणात लघवीला वारंवार जावं लागतं, आणि काष्टा सोडून पुन्हा घालणं मंगल कार्यालयाच्या बाथरूममध्ये एकटीला जमत नाही. मग मुली पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात, पोटात बाळ असताना, हे अजिबात करू नका. इलॅस्टिकची शिवलेली नऊवारी घ्या, ती खाली सरकवता येते, आणि सोबत एक करवली ठेवा. नाहीतर विधीपुरती सहावारी नेसा.

स्वागत समारंभाचा जड लेहंगा कमरेवर टांगू नका. आतून खांद्यावर पट्टे लावून घ्या, म्हणजे वजन विभागलं जातं. पोटामुळे घेर पुढून इंच-दोन इंच वर उचलला जातो, म्हणून पुढची दुमड जास्त ठेवा. भाड्याचा लेहंगा बहुतेक ठिकाणी उसवू देत नाहीत, ते घेण्याआधीच विचारा. अस्तर मात्र सगळ्याला सुतीच.

हिरवा चुडा भरताना कासाराला खरं काय ते सांगा आणि एक माप मोठं घ्या. संध्याकाळी हातापायांवर थोडी सूज येते, म्हणून चपलेचं आणि जोडव्यांचं माप संध्याकाळीच घ्यावं. पण चेहरा आणि हात एकदम सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधुक दिसतंय असं झालं, तर शिंप्याकडे बाही सैल करायला येऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रक्तदाब वाढल्याचं ते लक्षण असू शकतं.

गुरुजींनाही आदल्या दिवशी सांगून ठेवा. पाटावर मांडी घालून तास-तास बसवत नसेल तर होमापाशी बुटकं स्टूल चालतं, आणि त्यावर बसूनही साडी कुठे ताणते का हे घरी एकदा बसून पाहावं.

बाळंतपणानंतर लगेच ब्लाउज आवळायला आणू नका. अंगावर पाजणं चालू आहे तोवर छाती बदलत राहते. पुढे कधी आवळलाच तर आतून नुसती टीप मारून घ्या, माया कापू देऊ नका. सेलूच्या मुलीनं तोच ब्लाउज, कळीसकट, बारशाला घातला. हूक पुढून होते, पाजायलाही सोपं गेलं.