या चुका टाळा: किडलेलं इनॅमल मायक्रोस्कोपखाली पाहताना

मे महिन्यात नांदेडकडच्या एका शिबिरातून आलेली दाढ कापसात गुंडाळून, गोळ्यांच्या डबीतून माझ्या टेबलावर पोचली. दोन दिवस उन्हात होती. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर इनॅमलभर, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणभर, भेगांचं जाळं दिसलं आणि विद्यार्थ्याने वहीत लिहून टाकलं, ‘किडीमुळे भेगा’. त्या भेगा वाळल्यामुळे पडल्या होत्या.

इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलं तरी त्यात पाणी असतं आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते उडायला वेळ लागत नाही. दात निघाला की रक्त धुवा आणि लगेच ०.१ टक्का थायमॉल (जंतू वाढू न देणारा पदार्थ) घातलेल्या पाण्यात, फ्रिजमध्ये ठेवा. जुनं, बफर न केलेलं फॉर्मॅलिन तर नकोच. त्यात हळूहळू फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि बाटलीतच इनॅमल विरघळू लागतं. भेगांबद्दल शंका असेल तर एक निरोगी दाढ अगदी त्याच पद्धतीने तयार करून शेजारी पाहा. तिच्यातही तशाच भेगा दिसल्या तर दोष तयारीचा.

मराठवाड्यात सगळ्यात जास्त फसवतो तो पांढरा डाग. नांदेड, बीडकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. फ्लोरोसिसमध्येही (जास्त फ्लोराइडमुळे दातांत होणारा दोष) वरचा थर बरा आणि खालचं इनॅमल सच्छिद्र असतं. सुरुवातीच्या किडीतही तसंच. छेदाचा, म्हणजे दाताच्या पातळ कापाचा, एकटा फोटो पाहून मी स्वतः खात्रीने सांगणार नाही. दात काढण्याआधी तोंडात पाहा: फ्लोरोसिसचे डाग बहुधा डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे दिसतात, किडीचा डाग हिरडीलगत किंवा दोन दातांच्या फटीत, जिथे कीटण साचतं तिथे असतो. आणि बाटलीवर दाताचा क्रमांक, वय, गाव, लहानपणी प्यायलेलं पाणी बोअरचं की नळाचं, हे लिहाच. नंतर ते कुणालाच आठवत नाही.

नुसता पृष्ठभाग पाहून ‘इनॅमल शाबूत’ म्हणू नका. खनिज आधी आतून जातं. दाढ रेझिनमध्ये बसवा, पाणी सोडत हिऱ्याच्या चकतीने हळू कापा, घासून गुळगुळीत करा आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या बॅकस्कॅटर डिटेक्टरवर (नमुन्यावरून परत फिरलेले इलेक्ट्रॉन टिपणारा भाग) पाहा. खनिज कमी झालेला भाग काळपट दिसतो.

पोलराइज्ड प्रकाशासाठी छेद ८० ते १०० मायक्रॉनचा पुरे. तो पाण्यात पाहिला की क्विनोलिन या द्रवात, हे फोटोखाली लिहा, कारण दोन्हींत किडीचे पट्टे वेगळे दिसतात.

शेवटची चूक महागात पडते. कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण एक्स-रे विश्लेषणाने मोजायचं असेल तर सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा मुलामा देऊ नका. एक्स-रेच्या आलेखात या धातूंची रेषा फॉस्फरसच्या रेषेला जवळजवळ चिकटून येते आणि आकडे बिघडतात. कार्बनचा मुलामा द्या. मशीनची वेळ मिळायला आपल्याला आठवडे लागतात, त्यामुळे मुलामा कशाचा हवा ते नमुना पाठवतानाच चिठ्ठीवर लिहून द्या.