घरातल्या जुन्या नावाचे मूळ कसे शोधावे

वंशावळ लिहायला बसलेल्या माणसाला आडनावे आणि गावे सहसा अडवत नाहीत. अडवते ते तीन-चार पिढ्यांमागचे एखादे उकर्डा, नथू, सटवाजी, हैबती किंवा दुमिंग असे नाव, ज्याचा उलगडा घरात कोणालाच करता येत नाही. अशा वेळी शब्दकोश उघडण्याचा मोह होतो आणि चूक तेथेच होते. त्या काळी अर्थ आवडला म्हणून नाव ठेवले, असे क्वचितच होई. आधीचे मूल दगावले होते का, नवस कोणाला बोलला होता, जन्म कोणत्या वारी किंवा महिन्यात झाला, यावरून ते ठरे. म्हणून आधी प्रसंग शोधावा, अर्थ मागाहून पाहावा.

सर्वप्रथम नाव नक्की कोणते, हे ठरवावे. एकाच माणसाला पत्रिकेतले, पाळण्यातले, हाक मारायचे आणि शाळेतले अशी निरनिराळी नावे असत, आणि सासऱ्याचे नाव मुलाला ठेवले असेल तर सून ते उच्चारत नसल्यामुळे तो मुलगा जन्मभर आप्पा किंवा भाऊच राही. पत्रिकेतले नाव चमत्कारिक वाटले तर त्याचे पहिले अक्षर पाहावे. सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना मिळून १०८ अक्षरे ठरलेली आहेत. चू, चे, चो, ला ही अश्विनीची. नाव केवळ त्या अक्षरासाठी घेतलेले असेल, तर त्यामागे कथा शोधत बसू नये.

स्त्रियांच्या बाबतीत लग्नात तांदळात लिहिलेले नवे नाव माहेरच्या नावावर पडदा टाकते. येथे कागदांपेक्षा भांडी अधिक उपयोगी पडतात. आमच्या माळ्यावरच्या एका पितळी डब्याच्या बुडाशी टिंबाटिंबांनी ठोकलेले ‘राही’ असे नाव निघाले, आणि त्या नावाचे वंशावळीत कोणीच नव्हते. तो डबा आजीच्या माहेरून आलेला होता, आणि राही हेच तिचे लग्नापूर्वीचे नाव होते. राधिका, राहिआ, राही असा हा प्राकृतातून आलेला शब्द आहे, आणि पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात रखुमाईप्रमाणे राहीचेही स्थान आहे. माहेर वारकऱ्यांचे होते हे कळल्यावर नावाची संगती लागली. घरातली जुनी भांडी चिंचेने घासून, तिरप्या उजेडात धरून एकदा तरी वाचावीत, असे मला मनापासून वाटते.

मग कागद. मुंबईतील जन्मनोंद महापालिकेच्या विभाग कार्यालयात मिळते, पण त्या दाखल्यावर नाव नसले तर निराश होऊ नये. नोंदणी नावाविना करता येते, ते पुढे भरता येते आणि पूर्वी पुष्कळांनी ते भरलेच नाही. त्यापेक्षा शाळेचे जनरल रजिस्टर अधिक बोलके असते. मात्र त्यातली १ जून ही जन्मतारीख बहुधा मास्तरांनी लावलेली असते, तिच्यावरून वार किंवा नक्षत्र काढू नये. प्रौढपणी बदललेले नाव शासनाच्या राजपत्रात सापडू शकते; त्याची चौकशी चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात करावी.

गिरणगावातल्या बहुतेक घरांचा माग मात्र कोकणात किंवा घाटावर जातो. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाचे जन्म-मृत्यूचे बुक, आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलांच्या नोंदी, मागावेत. हे कागद अनेकदा मोडी लिपीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते आणि शब्द सलग लिहिलेले असतात, त्यामुळे ‘राणू बिन केरू’ यातला ‘बिन’ नावाचा भाग समजला जातो. त्याचा अर्थ ‘याचा मुलगा’ एवढाच आहे. तसेच ‘सखू कोम राणू’ म्हणजे राणूची बायको सखू. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांच्या भेटींच्या नोंदी असतात, आणि कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी, म्हणजे वंशावळ सांगत फिरणारे लोक, पिढ्यान् पिढ्यांची नावे तोंडपाठ म्हणतात. वसई किंवा वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांनी चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत धर्ममातापित्यांची नावे अवश्य पाहावीत, कारण मुलाचे नाव त्यांच्यावरूनच ठेवलेले असू शकते. दुमिंग हे पोर्तुगीज दोमिंगो, म्हणजे रविवार. नाताल म्हणजे नाताळच.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. त्या व्यक्तीची सगळी भावंडे, दगावलेलीसुद्धा, जन्माच्या क्रमाने एका कागदावर लिहावीत. केरबा, कोंडाजी, दगडू, उकर्डा ही नावे दोन-तीन मुले गेल्यानंतरच्या मुलाला दिलेली आढळली, तर ती मृत्यूची किंवा सटवाईची नजर चुकवण्यासाठी ठेवलेली आहेत. भिकू नावाचे मूल जन्मल्यावर दुसऱ्याच्या ओटीत घालून भीक म्हणून परत घेतलेले असे, नथूचे नाक टोचून त्याला मुलगी म्हणून वाढवलेले असे. यांत तुच्छता नाही. मूल जगावे म्हणून केलेली ती धडपड आहे. धोंडूच्या बाबतीत आणखी एक शक्यता तपासावी. अधिक मासाला धोंड्याचा महिना म्हणतात आणि तो साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो, तेव्हा खरी जन्मतारीख हाती असेल तर जुन्या पंचांगाशी ताडून पाहावी.

भावंडांच्या क्रमातून काही निघाले नाही, तर कुलदैवताकडे वळावे. मल्हारी आणि मार्तंड खंडोबाचे, रवळू रवळनाथाचा, सटवाजी सटवाईचा. नाव फारसी असले म्हणून घराणे मुसलमान होते असे मानू नये. हैबत म्हणजे धाक, आणि सर्जेरावातला सर्जा म्हणजे वाघ किंवा सिंह. ही दरबारी वळणाची नावे आहेत. पीराच्या नवसाचीही प्रथा होती. शहाजी आणि शरीफजी ही भोसले बंधूंची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्यावरून ठेवली, अशी परंपरा आहे. बौद्ध घरांत काळाची रेषा स्पष्ट दिसते. पणजोबांच्या नावामागे ‘नाक’ हा प्रत्यय, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जन्मलेल्यांत मिलिंद, सुजाता, राहुल. तेथे नाव कोणी बदलले आणि कोणत्या साली, याची तोंडी हकीकत वयस्कर माणसे हयात असतानाच लिहून घ्यावी.

एका नावाविषयी जपून वागावे. ‘नकुशी’ किंवा ‘नकुसा’ हे मुलगी नको असताना झाली म्हणून ठेवलेले नाव आहे. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. आपल्या घरात ते नाव धारण करणारी आत्या किंवा मावशी असेल, तर प्रश्न तिच्यासमोर चारचौघांत विचारू नये; एकटी असताना तिला काय सांगावेसे वाटते ते ऐकावे. वंशावळीत जुने नाव छापायचे की नाही हेही तिलाच विचारावे, आणि ती नको म्हणाली तर तेथे तिने स्वतः घेतलेले नावच लिहावे.