क्लॅम्प-ऑन फ्लो मीटरचा सेन्सर निवडताना या चुका टाळा

पाइप न कापता, बाहेरून पट्ट्याने दोन सेन्सर बांधून ध्वनीलहरींनी पाणी मोजायचं मीटर आता रबाळे-महापेपासून वागळे इस्टेटपर्यंत सगळीकडे दिसतं. शटडाउन नको, वेल्डर नको. म्हणूनच घाईत घेतलं जातं, आणि महिन्याभरात फोन येतो, "साहेब, तुमचं मीटर काहीही दाखवतंय." ठाणे-बेलापूर रोडवरचा ट्रॅफिक पार करून जावं, तर मीटर ठणठणीत असतं. सेन्सर कॅटलॉग बघून मागवलेला असतो, पाइपजवळ जाऊन कोणी पाहिलेलंच नसतं.

रबाळ्यातल्या एका कारखान्याची गोष्ट. कूलिंग वॉटरची ४ इंची लाइन, आणि मीटर टाकीच्या मापापेक्षा बरंच जास्त दाखवत होतं. ड्रॉइंगमध्ये शेड्यूल ४० (शेड्यूल म्हणजे पाइपच्या जाडीचा वर्ग) लिहिलेलं, म्हणून मीटरमध्ये पाइपच्या भिंतीची जाडी ६.०२ मिमी भरलेली. पंपावरचे काका बिडी विझवत म्हणाले, "अहो, तेवढा तुकडा मागच्या शटडाउनला बदललाय. जाड पाइप टाकलाय." थिकनेस गेज लावला, ८.५ मिमी. शेड्यूल ८०! दोन्हींचा बाहेरचा व्यास ११४.३ मिमीच, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. आतला व्यास मात्र १०२.३ वरून ९७.२ वर येतो. नुसत्या क्षेत्रफळातच १० टक्क्यांहून जास्त फरक पडला, आणि वेग काढतानाही मीटर तोच व्यास धरतं, ती चूक वेगळी. थिकनेस गेज नसेल तर भाड्याने आणा, पण ड्रॉइंगवर भरवसा ठेवू नका.

दुसरी चूक तत्त्वाचीच. ट्रान्झिट-टाइम सेन्सरला स्वच्छ द्रव लागतो: ध्वनी प्रवाहाबरोबर किती वेळात जातो आणि प्रवाहाविरुद्ध किती वेळात, यातला फरक तो मोजतो. डॉप्लर सेन्सरला उलट पाण्यात गाळ किंवा बुडबुडे लागतात, कारण त्यांच्यावरून परत येणारा ध्वनीच तो वाचतो. मोरबे धरणाच्या शुद्ध केलेल्या पाण्यावर डॉप्लर बांधून "सिग्नल नाही" म्हणणारे भेटलेत, आणि ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेच्या, स्लज (गाळाच्या) लाइनवर ट्रान्झिट-टाइम बांधणारेही.

मग साइज. बाजारातल्या बऱ्याच मीटरना सेन्सरच्या तीन जोड्या मिळतात: छोटी साधारण १५ ते १०० मिमीसाठी, मधली ५० ते ७००, मोठी ३०० च्या वर. ८० मिमीची लाइन दोन्हींत बसते, आणि इथेच लोक स्वस्त ती उचलतात. पाइप जुना, आतून गंजलेला किंवा बिडाचा असेल तर कमी फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे मोठा सेन्सर घ्या. खरबरीत धातूत वरची फ्रिक्वेन्सी विखरून जाते. पातळ पीव्हीसीवर छोटा छान चालतो. ॲसिडच्या लाइनला आतून रबर लायनिंग असेल तर आधी टेस्ट करा. लायनिंग भिंतीपासून सुटलं असेल तर मधल्या हवेपुढे कुठलाच सेन्सर चालत नाही, महागातला महाग आणलात तरी.

तापमानाचंही बघा. साध्या सेन्सरची मर्यादा किती ते लेबलवर असतं. कंडेन्सेट (वाफेचं गरम पाणी) किंवा थर्मिक फ्लुइडला (गरम तेलाला) हाय-टेम्परेचर जोडीच, आणि सेन्सर व पाइपच्या मध्ये लावायची तिचीच ग्रीस. चिल्ड वॉटरला त्रास उलटा असतो. इन्सुलेशन कापलं की आपल्याकडच्या दमट हवेत पाइपला घाम सुटतो, आणि सेन्सरखालचं जेल आठवड्याभरात वाहून जातं. तिथे पाण्यात न विरघळणारी ग्रीस किंवा पॅड वापरा, आणि कापलेली जागा पुन्हा नीट बंद करा.

सगळ्यात चिवट तक्रार कमी वेगाची. १०० मिमीच्या लाइनमध्ये व्ही पद्धतीने (दोन्ही सेन्सर एकाच बाजूला, ध्वनी समोरच्या भिंतीवरून परत) सेन्सर बांधला आणि पाणी सेकंदाला १ मीटर वाहत असेल, तर दोन वेळांतला फरक येतो जेमतेम ७५ नॅनोसेकंद. वेग ०.१ मीटरवर आला की तोच ७-८. एवढ्याशा फरकात झिरो, म्हणजे पाणी थांबलेलं असतानाचा आकडा, थोडासा सरकला तरी मोजमाप बिघडतं. पुढे प्लांट वाढेल म्हणून मोठा पाइप टाकणाऱ्यांचं हे कायमचं दुखणं. झिरो सेट करताना पाइप पूर्ण भरलेला आणि पाणी पूर्ण थांबलेलं हवं. व्हॉल्व्ह पास होत असेल तर गळतीच झिरो म्हणून नोंदली जाते.

आता बांधलेलं मीटर चालत नसेल तर या क्रमाने बघा. सेन्सर पाइपच्या वर किंवा खाली असेल तर बाजूला आणा, घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी. वर हवा असते, खाली गाळ. एल्बोनंतर सेन्सरच्या आधी निदान १० व्यास आणि सेन्सरच्या पुढे ५ व्यास सरळ पाइप सोडा; मागे पंप किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह असेल तर १० पेक्षा बरंच जास्त. रंग खरवडून धातू चमकवा. आकडा मायनसमध्ये येत असेल तर बहुधा दोन्ही केबल उलट्या लागल्यात. आणि डिस्प्लेवर वेळेचं गुणोत्तर (ध्वनीला लागलेला वेळ आणि भरलेल्या मापांवरून काढलेला वेळ यांचं) दिसत असेल तर ते ९७ ते १०३ टक्क्यांत आहे का पाहा. नसेल तर जाडी, मटेरियल, द्रव किंवा सेन्सरमधलं अंतर, यांपैकी काहीतरी चुकीचं आहे. मी आधी जाडीच तपासतो.