पालावरचं पोर पटावर आणायचं तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या पारधी, सिद्दी, गवळी-धनगर, बंजारा वस्त्यांवर नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. पालावरचं मूल शाळेत घालणं अवघड, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ते सोपं आहे. अवघड आहे ते त्याला दहावीच्या परीक्षेला बसवणं, आणि त्यातल्या बऱ्याच अडचणी प्रवेशाच्या दिवशी रजिस्टरात लिहिलेल्या एका ओळीतून सुरू होतात.

आधी प्रवेश. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. जन्मदाखला नसेल तर अंगणवाडीची नोंद किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरातली नोंद चालते. तीही नसेल तर आईबापाने लिहून दिलेलं वय चालतं. ‘आता जूनमध्ये या’ असं उत्तर मिळालं तर कलम 15 दाखवा, कारण वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावाच लागतो. आधीच्या शाळेची टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही. हेडमास्तरांशी हुज्जत घालू नका. अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोच घ्या. नाहीच जमलं तर सीआरपी (आसपासच्या शाळांचे समन्वयक), मग बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालय. पोच घेतलेली प्रत हातात असली की पुढचं बोलणं लवकर आटपतं.

दहा वर्षांचं, कधीच शाळेत न गेलेलं पोर वयाप्रमाणे पाचवीत बसतं आणि त्याला तीन महिने ते दोन वर्षं विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. पण सोयीसाठी त्याला पहिलीत बसवतात. मिसरूड फुटायच्या बेतातला पोरगा सहा वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांत लाजतो आणि पळतो. मग ‘यांना शिकायचंच नसतं’ हा शेरा तयारच असतो.

आता ती ओळ. आईबाप नाव तोंडी सांगतात, मास्तर ते कन्नडमध्ये लिहितात आणि संगणकावर त्याचं इंग्रजी होतं. ‘पवार’ डब्ल्यूने की व्हीने, आडनाव आधी की शेवटी, बापाचं नाव पूर्ण की फक्त आद्याक्षर, हे तिथेच ठरून जातं. हेच नाव सॅट्सच्या (कर्नाटकातल्या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन पटाच्या) नोंदीत, आधारवर आणि बँक खात्यात अक्षर न् अक्षर जुळलं नाही, तर पुढे एसएसपीवरचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा) अर्ज अडकतो. म्हणून आधारवरचं नाव कन्नड आणि इंग्रजीत एका चिठ्ठीवर लिहून न्या आणि रजिस्टरात उतरवलेलं तिथेच वाचून बघा.

जातीच्या रकान्यात याहून मोठा घोटाळा होतो. पारध्यांत पवार, चव्हाण, काळे, भोसले ही आडनावं आहेत. लिहिणारा आडनाव ऐकून बेलाशक ‘हिंदू मराठा’ लिहून मोकळा होतो. दहा वर्षांनी नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात) जातीच्या दाखल्याचा अर्ज गेला की तहसीलदारांच्या पुढ्यात पहिला कागद शाळेचाच येतो. ‘शिकारी’, ‘फिरस्ते’ असलंही काही लिहू देऊ नका. सरकारी यादीत जे नाव आहे तेच लिहायला लावा.

यादी मात्र राज्यागणिक बदलते. पारधी कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही राज्यांत अनुसूचित जमातीत आहेत. बंजारा कर्नाटकात अनुसूचित जातीत, तर महाराष्ट्रात विमुक्त जातींत. सिद्दींना आधी फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यात जमातीचा दर्जा होता, 2020 च्या दुरुस्तीने बेळगाव आणि धारवाड त्यात आले. खानापूरच्या रानातला गवळी-धनगर पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहिला, पण जमातीच्या यादीत नाही. त्याला तसं वचन देऊन बसू नका.

सीमेवर खरा पेच इथे आहे. बापाचा जमातीचा दाखला महाराष्ट्राचा असेल तर त्यावर कर्नाटक सरकारच्या राखीव जागा मिळत नाहीत. रेल्वे, पोस्ट यांसारख्या केंद्राच्या नोकरीत मात्र तो चालतो. 1950 साली कुटुंबाचं कायमचं वास्तव्य कुठे होतं हे इथे महत्त्वाचं ठरतं. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. 1956 मध्ये तो म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा मुंबईकडे राहिला. तेव्हा आजोबांचं गाव आज कोणत्या बाजूला आहे ते आधी विचारा. त्यांच्या शाळेचा किंवा जमिनीचा जुना कागद मिळाला तर तो सोन्यासारखा जपा. दोन राज्यांचे दोन दाखले काढायचा शहाणपणा कुणी सुचवला तर नाही म्हणा. पडताळणीत दोन्ही जातात.

माध्यमाबद्दल आमचं मत सरळ आहे. पारधी किंवा बंजारा मुलाची घरची बोली मराठीही नाही आणि कन्नडही नाही. त्यामुळे मातृभाषेचा अभिमान त्याच्या डोक्यावर लादू नका. शाळा पायी जाण्याइतकी जवळ असणं आधी, माध्यम नंतर. गवळी-धनगर घरात मराठी बोलतात, तिथे मराठी शाळा शोभते. पण मराठी शाळेतल्या मुलानेही कन्नड लिहायला-वाचायला नीट शिकलंच पाहिजे. नाहीतर कर्नाटकातली सरकारी नोकरी हातातून गेली.

मुली सहसा सातवी-आठवीनंतर, हायस्कूल लांब पडलं की गळतात. 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे, पण ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता लागतो. आधारवर कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव असेल तर कंडक्टर तिकीट फाडणारच. सहावीपासून मोरारजी देसाई किंवा कित्तूर राणी चन्नम्मा निवासी शाळा हा दुसरा मार्ग. त्यांचा अर्ज मूल पाचवीत असतानाच भरावा लागतो आणि वस्तीवर ही बातमी नेमकी मुदत संपल्यावर पोचते. शाळेत चोरीचा पहिला संशय पारध्याच्या पोरावर येतो. 1952 साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला, पण वर्गातली नजर बदललेली नाही. झडती, टोमणे, मार झाला तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 खाली तक्रार लेखीच करा.

ऊसतोडीला टोळी निघाली आणि घरचे परीक्षेआधी परतणार असतील, तर टीसी काढू नका. मूल आजीजवळ ठेवा, नाहीतर शिकत असल्याचं प्रमाणपत्र घेऊन कारखान्याजवळच्या शाळेत बसवा. दोन पटांवर एक नाव चढलं की सॅट्सचा गुंता कुणालाच सुटत नाही. बँक खाती दोन असतील तर शिष्यवृत्ती आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, आधी तिथे बघा.

2024 पासून कर्नाटकात दहावीची परीक्षा वर्षातून एकाहून जास्त वेळा होते. पहिल्या खेपेला विषय राहिला तर निकालाच्या आठवड्यातच पुढची फी भरा. पावसाळ्यात मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घरात आली की पोराचं नाव कोयत्यावर लागतं, म्हणजे तेही ऊसतोडीला जातं.